शेवंताबाईंचा एक जून

माझ्या जागेवर येणाऱ्या मनालीला गेला महिनाभर मी काम समजावून देतो आहे. हुशार मुलगी आहे. परवा निवृत्त झालेल्यांची जुनी यादी संगणकावर चढवताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "सर, इथं गडबड झालीय. एकच जन्मतारीख खालपर्यंत कॉपी झालीय. एक जून, एक जून, एक जून."

गडबड नाही, ते बरोबर आहे, असं मी सांगितलं तरी तिला पटेना. ती वाशीच्या हॉस्पिटलात जन्मलेली. जन्माची वेळसुद्धा मिनिटासकट तिच्याकडे लिहिलेली आहे. तिला काय सांगणार? आमच्या पिढीत खेड्यापाड्यांतली मुलं जून महिन्यात शाळेत दाखल होत. आईबापांना तारीख ठाऊक नसे. 'मोठा पूर आला त्या सालचा', 'थोरली म्हैस व्याली तेव्हाचा' असं काहीतरी सांगत. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी झाली असं समजायचं, आणि जन्मतारीख लिहायची एक जून. निम्मा महाराष्ट्र असाच एका दिवशी जन्मला.

मनालीला एवढं सांगितलं. शेवंताबाईंचं सांगायचं राहून गेलं. ते इथं लिहितो.

मी बी.कॉम. होऊन त्र्याण्णव साली सीबीडी बेलापूरच्या आमच्या सरकारी कार्यालयात लागलो आणि पहिल्या दिवसापासून आस्थापना शाखेत बसलो. सगळ्यांची सेवापुस्तकं माझ्या ताब्यात. पहिल्या पानावर जन्मतारीख, आकड्यांत आणि अक्षरांत. दोन हजार चार साली एका माहितीसाठी यादी काढली तेव्हा चौतीस माणसांत अकरा जण एक जूनचे निघाले. मी सहज गोटीरामला हे बोललो. गोटीराम आमचा शिपाई, पोलादपूरकडचा. त्याला सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत तळमजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याला कळते. यादीत सगळ्यांत वर आमचे उपसंचालक जयप्रकाश साहेब होते आणि सगळ्यांत खाली खुद्द गोटीराम.

एक जूनला सकाळी गोटीराम फाईल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "साहेब, हॅपी बर्थडे. माझापण आजच."

साहेब माणदेशातले. कडक. त्यांच्यासमोर कुणी विनाकारण उभं राहत नसे. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "तुझा खरा, की गुरुजींचा?"

"गुरुजींचा, साहेब."

"माझाही."

चार वाजता अकराच्या अकरा जणांना केबिनमध्ये बोलावणं आलं. शिपाई, ड्रायव्हर, लघुलेखक, दोन अधीक्षक, सगळे साहेबांच्या समोरच्या खुर्च्यांत बसले. खुर्च्या कमी पडल्या म्हणून सोफ्यावर दाटीवाटीनं बसले. आमचे ड्रायव्हर मुस्तफाभाई उरणकडचे. त्यांनी आपली हकीकत सांगितली. त्यांच्या आईनं गुरुजींना सांगितलं होतं की मुलगा रमजानच्या सत्ताविसाव्याला झाला. गुरुजींनी विचारलं, रमजान कधी येतो? ती म्हणाली, दर वर्षी वेगळा. गुरुजी वैतागले आणि एक जून लिहून मोकळे झाले. साहेबांना एवढं हसताना आम्ही प्रथमच पाहिलं.

तेव्हापासून दर एक जूनला केक, वडे आणि चहा ठरून गेला. मी त्या अकरांतला नाही. माझा जन्म दादरच्या प्रसूतिगृहातला, बारा जानेवारीचा, दाखल्यासकट. पण यादी माझ्याकडे म्हणून मला निमंत्रण असे. आणि चहा देण्यासाठी शेवंताबाई असत.

शेवंताबाई कंत्राटदाराकडून आलेल्या. दुसऱ्या मजल्याची झाडलोट आणि दोन वेळचा चहा ही त्यांची कामं. पनवेलच्या खाडीकाठच्या आगरी कुटुंबातल्या. लहानपण सगळं मिठागरावर गेलेलं, त्यामुळे तळव्यांना पडलेल्या भेगा चाळीस वर्षांनीही भरून आल्या नव्हत्या. पातळ नेहमी चार बोटं वर खोचलेलं. बोलणं मोठ्यानं, जणू समोरचा माणूस खाडीच्या पलीकडे उभा आहे. कुणाला साखर बंद, कुणाला अर्धी, कुणाच्या घरी आज भांडण झालंय म्हणून आल्याचं प्रमाण वाढवायचं, सगळं डोक्यात. मला त्या भाऊसाहेब म्हणत. गोटीरामला नुसतं गोटीराम, तेही अरेतुरेनं. तोही त्यांना बाई म्हणून वाटेल ते बोलून घेई.

त्यांना वाचता येत नव्हतं, पण पहिली चार-पाच अक्षरं ओळखता येत. दारावरच्या पाट्यांवर क, ख, ग दिसला की त्या बोट ठेवून म्हणत. कुणी विचारलं तर सांगत, "मी सालन गेलेली हाय."

आगरी बोलीत शाळेला साला म्हणतात. गोटीराम प्रत्येक वेळी दचकल्यासारखं करून विचारी, "बाई, साला कुणाला म्हणता?" आणि बाई प्रत्येक वेळी त्याच्या चहातली साखर काढून घेत.

आठ-नऊ वर्षं अशी गेली. एक जूनला बाई सगळ्यांना वडे वाढत, केक कापताना टाळ्या वाजवत आणि उरलेल्या केकचा तुकडा कागदात बांधून घरी नेत. त्यांच्या मनात काही असेल असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

दोन हजार बारा साली आधार कार्डाची मोहीम आली. बाईंचंही कार्ड निघालं. वय विचारल्यावर त्यांनी 'असंल पन्नास-बावन' सांगितलं होतं. नोंदणी करणाऱ्या मुलानं तेवढ्यावर भागवलं. कार्डावर तारीख आली एक जानेवारी एकोणीसशे साठ. ज्यांच्याकडे काहीच कागद नाही, त्यांची तारीख तिथं एक जानेवारी पडते. म्हणजे गुरुजींची जागा आता यंत्रानं घेतली होती.

कार्ड गोटीरामनं पाहिलं. त्यानंतर कार्यालयात दुसरा विषय नव्हता. बाईंचा वाढदिवस साऱ्या जगाबरोबर, रात्री फटाके उडतात ते बाईंसाठीच, वगैरे. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आम्हाला सुट्टी नसते. दोन हजार तेराच्या एक जानेवारीला वर्गणी काढून केक आणला. त्यावर 'शेवंताबाई' असं लिहून घेतलं. साहेब स्वतः केबिनबाहेर आले. बाईंना बोलावलं, हातात सुरी दिली.

बाईंनी सुरी टेबलावर ठेवली.

"मी नाय कापनार," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "ह्यो दिस अनाडी मान्सांचा हाय. सालन गेली त्यांचा येक जून. मी गेलेली हाय. मना पन येक जून पायजे."

इतकी वर्षं आम्ही ज्या तारखेची थट्टा करत होतो ती बाईंना प्रमाणपत्रासारखी दिसत होती, हे आमच्या अकरा-बारा शिकलेल्या डोक्यांत कधी आलं नव्हतं. गुरुजींनी पोराचा कान बघून लिहिलेली खोटी तारीख, पण ती ज्याच्याकडे आहे तो कधीतरी शाळेच्या पायरीवर चढला होता, एवढं तरी तिच्यावरून सिद्ध होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी सवयीनं म्हणालो की तारीख बदलून मिळते, पण शाळेचा दाखला लागतो. नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात असलं पाहिजे. पुढं आणखी एक वाक्य बोललो, ते बोलायला नको होतं. म्हणालो, "नाव सापडलं तर तारीख एक जूनच असणार, बाई. त्या काळात दुसरं काही लिहीतच नसत."

केक शेवटी गोटीरामनं कापला. पण दुसऱ्या दिवसापासून बाई चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवताना एकच विचारत, "भाऊसाहेब, कवा जायाचा?" सकाळी एकदा, दुपारी एकदा. मी टाळत होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं दप्तर, वाळवी, ओल, पूर. काय शिल्लक असणार? आणि नाव नसलंच तर? मग बाई खरोखरच एक जानेवारीच्या होणार होत्या, तेही माझ्या हातून. आठवड्यानं त्यांनी विचारणं थांबवलं आणि नुसत्या कप ठेवून उभ्या राहू लागल्या. ते विचारण्यापेक्षा अवघड होतं.

बारा तारखेला दुसरा शनिवार होता. आम्हाला सुट्टी, शाळा मात्र सकाळची. मी त्यांना पनवेल स्टँडवर नऊ वाजता यायला सांगितलं. त्या दिवशी माझा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. अरुणानं, माझ्या पत्नीनं, बासुंदी करायचं ठरवलं होतं. मी कुठं निघालो ते ऐकून ती म्हणाली, "वाढदिवसाला माणसं देवळात जातात. तुम्ही दप्तर बघायला चाललात." पण डब्यात चार लाडू घालून दिले.

बाई ठेवणीतलं हिरवं पातळ नेसून आल्या होत्या. केसांत अबोलीचा गजरा होता. रिक्षात आम्ही दोघंही फार बोललो नाही. रस्त्याच्या एका बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे होते आणि दुसऱ्या बाजूला पांढरी पडलेली, टाकून दिलेली मिठागरं. एका ठिकाणी बोट दाखवून त्या म्हणाल्या, तिथं त्यांचा बापूस मीठ ओढायचा. बापसावर त्यांचा राग होता, हे मला तेव्हा प्रथम कळलं. चार महिने शाळेत गेल्यावर त्यानंच त्यांना काढलं. मिठाचा हंगाम सुरू झाला, आई कामावर जाणार, तान्हा भाऊ सांभाळायला कुणी नाही. पाटी परत द्यायची नाही म्हणून बाईंनी ती मिठागराच्या बांधाखाली पुरून ठेवली होती. बापूस त्यानंतर चार-पाच वर्षांत गेला. आईला जन्माचं विचारलं की ती एवढंच म्हणे, मिठाच्या दिसांतली तू.

शाळेत जिजाऊ जयंतीचा कार्यक्रम नुकताच आटोपला होता. नऊवारी नेसलेल्या लहान लहान मुली व्हरांड्यात पदर सावरत खाऊ खात होत्या. मुख्याध्यापिका अक्षता मॅडम तरुण होत्या. माझं म्हणणं ऐकून त्यांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग बाईंच्या गजऱ्याकडे, आणि लोखंडी कपाटाची किल्ली आणायला सांगितली.

दप्तर होतं. लाल फडक्यात बांधलेलं, कडा कुरतडलेल्या, पण होतं. बाईंना साल ठाऊक नव्हतं. आम्ही सदुसष्टपासून सुरुवात केली. गुरुजींचं अक्षर टाकाचं, तिरपं आणि सुरेख होतं. मुलांची नावं भराभर जात होती आणि जन्मतारखेच्या रकान्यात एक जून, एक जून, खाली खाली तेच. मुली फार कमी. पानावर एखादी. सदुसष्ट संपलं. अडुसष्टची दोन पानं झाली. मी बोट फिरवत वाचत होतो आणि मनात पुढचं वाक्य तयार करत होतो, की बाई, काही वह्या पुरात गेल्या असतील.

बाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. एकदम त्यांनी हात पुढं करून माझं बोट थांबवलं आणि दोन ओळी वर नेलं.

"ह्यो ग हाय," त्या म्हणाल्या. "गोमा. माझा बापूस."

मी ती ओळ ओलांडून गेलो होतो. भोईर शेवंती गोमा. मी शेवंताबाई शोधत होतो, आणि त्यांना श येतच नव्हता.

अक्षता मॅडमनी टाळी वाजवली. मी रकाने ओळीनं वाचू लागलो. दाखल क्रमांक दोनशे चौदा. दाखल तारीख दहा जून एकोणीसशे अडुसष्ट. जन्मतारीख. तिथं मी थांबलो.

"वाचा ना," बाई म्हणाल्या.

"वीस मार्च एकोणीसशे बासष्ट."

"परत बगा."

मी परत बघितलं. अक्षता मॅडमनीही बघितलं. वरची ओळ एक जून होती, खालची एक जून होती. शाईत खाडाखोड नव्हती. वीस मार्च, आकड्यांत आणि खाली अक्षरांत.

बाई बाकावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, उलगडत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मी तुमच्यातली नाय."

तुम्ही शाळेत होतात, नाव आहे, दाखला मिळेल, असं सगळं मी सांगितलं. त्या मान हलवत होत्या, पण ऐकत नव्हत्या. नऊ वर्षं वडे वाढताना ज्या दाराकडे त्या बघत होत्या ते उघडलं होतं आणि आत त्यांची खुर्ची नव्हती. खुर्ची आहे असं छातीठोकपणे मीच सांगितलं होतं. आयुष्यभर कागद बघितल्याशिवाय सही न करणारा मी, नेमकं इथं कागद बघण्याआधी बोललो होतो.

अक्षता मॅडम अजून वहीवर वाकलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, शेरा बघा."

शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. बाकीच्या ओळींत तो कोरा होता. या ओळीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं. मी मोठ्यानं वाचलं: "होळीचे सायंकाळी जन्म. बापाने साल व सण नक्की सांगितल्यावरून पंचांग पाहून तारीख घातली."

बाईंनी वर बघितलं. "कोनी सांगितला?"

"तुमच्या वडिलांनी."

"त्याला ठाव व्हता?"

"ठाऊक होतं म्हणून तर गुरुजींनी पंचांग उघडलं, बाई. या दोन पानांत आणखी कुणासाठी उघडलेलं नाही."

बाहेर मुलींचा गलका चालू होता. मग त्यांनी मला त्या ओळीवर बोट ठेवायला सांगितलं, स्वतःचं बोट माझ्या बोटाशेजारी ठेवलं आणि हळूहळू त्या शेऱ्याच्या शेवटापर्यंत नेलं. त्यांना त्यातली तीन अक्षरंही येत नव्हती. "हावलीचा दिस," त्या म्हणाल्या. "त्यानं लक्षात ठेवला व्हता. आनि मना कदी सांगितला नाय."

अक्षता मॅडमनी दाखला तिथल्या तिथं लिहिला. प्रगती बरी. वर्तणूक चांगली. शाळा सोडल्याचं कारण, घरकाम. बाईंनी प्रगतीचा रकाना दोनदा वाचून घेतला. बरी म्हणजे चांगलीपेक्षा कमी का, असं विचारलं. चार महिन्यांत बरी म्हणजे पुष्कळच, असं मॅडमनी सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं.

परत निघताना त्या मला भावाकडे घेऊन गेल्या. शाळेच्या मागेच घर होतं. अंगणात जाळी विणत बसलेल्या टकल्या, पोट सुटलेल्या गृहस्थाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "ह्यो बगा. ह्याच्यापायी माझी साला गेली." भाऊ हसला. हे वाक्य तो बहुधा जन्मभर ऐकत आला असावा. पण त्या दिवशी बाईंनी त्याच्या शेजारी बसून दाखला उलगडला आणि बापसानं काय सांगितलं होतं ते त्याला दोनदा ऐकवलं. त्याच्या हातातली सुई थांबली.

तेवढ्यात अरुणाचा फोन आला. जेवायला येणार की नाही, बासुंदी आटून पेढे होतील, हे तिचं बोलणं फोनबाहेर ऐकू गेलं. बाईंनी विचारलं, आज काय आहे? मला सांगावं लागलं. मग काय, भावजयीनं पाट मांडला. मला टोपी नव्हती म्हणून भावाची कानटोपी डोक्यावर घातली आणि ओवाळलं. तांदळाची भाकरी आणि ओल्या जवळ्याचं कालवण वाढलं. मी शनिवार पाळतो. त्या दिवशी पाळला नाही. आजवरच्या वाढदिवसांतला हा एकच मला तपशीलवार आठवतो. बाकीच्यांच्या नुसत्या तारखा आहेत.

सोमवारी कार्यालयात गोटीराम जिन्यातच वाट बघत होता. काय झालं ते मी सांगितलं. त्यालाही वाईट वाटलं असावं, पण त्याची वाईट वाटण्याची पद्धत वेगळी. चहाच्या वेळी तो म्हणाला, "बाई, तुम्ही तर आमच्या मंडळातून बाद झाल्या."

बाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. सगळा मजला ऐकत होता. त्यांचा आवाज आता पुन्हा खाडीपलीकडचा झाला होता.

"गोटीराम, तुज्या बापसाला ठाव नव्हता म्हनून तुजा येक जून. माज्या बापसाला ठाव व्हता."

जयप्रकाश साहेब केबिनच्या दारात आले होते, त्यांनीही ते ऐकलं. ते आत गेले आणि त्या दिवशी त्यांनी चहा मागवला नाही. बाईंच्या ते लक्षात आलं. चार वाजता त्या न बोलावता कप घेऊन आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मार्चमध्ये त्यांनी सगळ्यांना आमंत्रण दिलं. मी विचारलं, वीस तारखेला का? त्या म्हणाल्या, कार्डावर वीस राहू दे, मी हावलीला करणार. त्या वर्षी होळी सव्वीस मार्चला होती. तारीख दर वर्षी हलणार, हे मला थोडं गैरसोयीचं वाटलं. मुस्तफाभाई म्हणाले, "भाऊसाहेब, माझा पण फिरताच होता. गुरुजींनी खिळा मारला."

सव्वीसला संध्याकाळी आम्ही सात जण त्यांच्या गावठाणात गेलो. साहेब येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते आले, गाडी नाक्यावर लावून बोळातून चालत. होळी रचून तयार होती, मध्ये उंच बांबू, त्याला पताका. बायका हावलुबायची गाणी म्हणत फेर धरून होत्या आणि त्यांत सगळ्यांत मोठा आवाज आमच्या बाईंचा होता. होळी पेटायच्या आधी त्या घामाघूम होऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या भाच्याची चार वर्षांची जाई त्यांच्या कडेवर होती. तिनं ऐकलं होतं की आज आजीचा वाढदिवस. तिनं विचारलं, आजी, तू किती वर्षांची झालीस?

पन्नास-बावन्न असं बाई इतकी वर्षं सांगत आल्या होत्या. आता त्या थांबल्या, मनात एकदा मोजलं आणि म्हणाल्या, "येक्कावन. आज पुरी झाली. आताच, ह्याच येलेला."

गोटीराम माझ्या शेजारी होता. तो हळूच म्हणाला, "माझी किती झाली कोण जाणे." त्यात थट्टा नव्हती. त्याला मी नऊ वर्षं सेवापुस्तकातून त्याचं वय सांगत आलो होतो, पण ते त्यानं कधी स्वतःचं म्हणून धरलं नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं.

बाईंनी ते ऐकलं. जाईला खाली उतरवून त्यांनी पिशवीतून नारळ काढले आणि एकेक आमच्या हातात देऊ लागल्या. गोटीरामला दिला, मुस्तफाभाईंना दिला. "ज्याला ठाव नाय त्यानं आजचा धरावा," त्या म्हणाल्या. "हावली कोनाला नाय म्हनत नाय."

साहेबांच्या हातात नारळ देताना त्या जरा थांबल्या. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. होळी पेटली, उजेड सगळ्यांच्या तोंडावर आला. जाईला आता या खेळाची गोडी लागली होती. ती प्रत्येकासमोर जाऊन तोच प्रश्न विचारत होती. मी बारा जानेवारी सांगितलं, ते तिला आवडलं नाही. मग ती साहेबांच्या पँटला धरून उभी राहिली आणि म्हणाली, तुमचा वाढदिवस कधी असतो?

साहेबांनी नारळ होळीत टाकला, हात झाडले आणि तिच्यासमोर वाकून म्हणाले, "आज."